बेरजेचा साक्षीदार

क्वांटम संगणकाला दोन क्रिया एकापाठोपाठ करायला सांगितल्या तर तो बिनतक्रार करतो. त्याच दोन क्रियांची बेरीज मागितली की अडतो. शाळेपासूनच्या सवयीला हे उलटे वाटते, कारण आपल्याकडे बेरीज सोपी आणि गुणाकार अवघड. इथे एका क्रियेनंतर दुसरी करणे म्हणजे गुणाकार, आणि तीच या यंत्राची रोजची चाल. बेरीज मात्र त्याच्या मूळ नियमांतच बसत नाही. ती आडमार्गाने कशी बसवायची याची व्यवस्थित पद्धत कॅनडातील वॉटर्लू येथे काम करणाऱ्या अँड्र्यू चाइल्ड्स आणि नेथन वीब यांनी २०१२ मध्ये मांडली. त्याआधी २००६ मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातील लाँग ग्वेइलू यांनी तिच्या जवळची कल्पना वेगळ्या वाटेने गाठली होती. आज रेणूंची ऊर्जा काढण्यापासून समीकरणांचे प्रचंड संच सोडवण्यापर्यंत अनेक आराखड्यांत ही पद्धत आहे. तिच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. या जगात काही खरोखर नष्ट होते, की जे गेले असे आपण म्हणतो ते फक्त आपल्या नजरेआड जाते?

प्रश्न समजून घ्यायचा तर थोडे गणित हाताशी हवे. क्वांटम यंत्राची अवस्था एखाद्या बाणासारखी मांडतात. क्युबिट हे या यंत्रातल्या माहितीचे मूळ एकक. एका क्युबिटच्या बाणाला दोन घटक असतात, एक शून्याच्या दिशेचा आणि एक एकाच्या दिशेचा. या घटकांना आयाम म्हणतात. मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये दिलेल्या नियमाप्रमाणे आयामाचा वर्ग केला की मोजताना ते उत्तर येण्याची संभाव्यता मिळते. सगळ्या संभाव्यता मिळून १ व्हायलाच हव्यात, म्हणून बाणाची लांबी कायम १ असते. या यंत्राच्या मूळ क्रियांना युनिटरी म्हणतात. अशी क्रिया या बाणाला फिरवते किंवा आरशातल्यासारखी पालटते, पण त्याची लांबी बदलत नाही आणि दोन बाणांमधला कोनही बदलत नाही. त्यामुळे दोन वेगळ्या अवस्था कधीही एकमेकींत विरघळून एक होत नाहीत. प्रत्येक युनिटरी क्रियेची उलट क्रिया असते आणि ती केली की यंत्र निघाले होते तिथे तंतोतंत परत येते. बाहेरून कोणी हात न लावलेल्या कोणत्याही व्यवस्थेबद्दल श्रोडिंगरचे समीकरण हेच सांगते.

आता दोन अगदी साध्या क्रिया घेऊ. पहिली, काहीच न करणे. दुसरीला झेड म्हणतात. ती शून्याचा घटक तसाच ठेवते आणि एकाच्या घटकाचे चिन्ह उलटवते. समजा, क्युबिटचे घटक ०.६ आणि ०.८ आहेत. (वर्ग ०.३६ आणि ०.६४, बेरीज १.) पहिल्या क्रियेनंतर ते ०.६ आणि ०.८ राहतात, दुसरीनंतर ०.६ आणि उणे ०.८ होतात. दोन्ही निकालांची सरासरी काढली तर उरते ०.६ आणि ०. एकाच्या दिशेचा घटक पार गेला. तिथे आधी ०.८ होते, उणे ०.८ होते की आणखी काही, हे या उरलेल्या बाणाकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. दोन्ही क्रिया स्वतंत्रपणे पाहिल्या तर पूर्ण उलटवता येण्याजोग्या आहेत. त्यांची बेरीज मात्र पुसून टाकते.

भारतीय दर्शनांनी नाशाच्या स्वरूपावर शतकानुशतके वाद घातला आहे, आणि तो या बेरजेजवळ आणून पाहण्यासारखा आहे. न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, म्हणजे नैयायिकांच्या, मते अभाव हा खराखुरा पदार्थ आहे आणि त्याचे प्रकार आहेत. घट घडण्याआधी त्याचा प्रागभाव असतो. त्याला आरंभ नाही, पण घट झाला की तो संपतो. घट फुटला की प्रध्वंसाभाव सुरू होतो. त्याला आरंभ आहे आणि अंत नाही. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे वर्गीकरण नेटके आले आहे. सतराव्या शतकातल्या या पाठ्यग्रंथाची आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १८९७ मध्ये निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी ती वापरली. प्रध्वंसाभावाची ही व्याख्या म्हणजे अपरिवर्तनीयतेची व्याख्याच आहे. फुटलेला घट परत जोडला तरी तो घट नवा, जुन्याचा अभाव तसाच चालू.

सांख्य याला ठाम नकार देतात. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतली नववी कारिका सत्कार्यवादाच्या बाजूने पाच कारणे देते. कार्य कारणात आधीपासूनच असते, म्हणून तीळ गाळले की तेल निघते, वाळू गाळून निघत नाही. हेच उलट दिशेने नेले की नाशाचा सांख्यांचा अर्थ हाती येतो. नाश म्हणजे कार्याचे आपल्या कारणात लीन होणे, व्यक्ताचे अव्यक्तात जाणे. शून्यातून काही येत नाही आणि शून्यात काही जात नाही.

युनिटरी क्रियांचे जग प्रथमदर्शनी सांख्यांचे वाटते आणि बेरीज नैयायिकांची. म्हणूनच जे यंत्र फक्त युनिटरी क्रिया जाणते त्याने बेरीज कशी केली, हे बारकाईने पाहायला हवे.

चाइल्ड्स आणि वीब यांच्या पद्धतीत मूळ क्युबिटच्या जोडीला एक सहायक क्युबिट घेतात. काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात सहायकाला शून्य आणि एक यांच्या सुपरपोझिशनमध्ये नेतात, म्हणजे दोन्ही घटक सारखे करतात. दुसऱ्या टप्प्यात सहायकाच्या अवस्थेवर अवलंबून असलेली सशर्त क्रिया होते. तो शून्य असेल तर मूळ क्युबिटला हात लावायचा नाही, एक असेल तर झेड करायची. तिसऱ्या टप्प्यात सहायकावर केलेली पहिली तयारी उलटवतात. इथे दोन्ही वाटांचे व्यतिकरण होते, काही आयाम एकमेकांत मिळतात, काही एकमेकांना खोडतात. शेवटी सहायक मोजतात. तो शून्य निघाला तर मूळ क्युबिटवर नेमकी ती सरासरी घडलेली असते. क्रिया जास्त असतील तर सहायकही जास्त लागतात, पण फार नाहीत. हायड्रोजनच्या रेणूची ऊर्जा देणारी क्रिया सर्वांत लहान प्रचलित मांडणीत चार क्युबिटांवर १५ युनिटरी पदांची बेरीज म्हणून लिहितात. तिला चार सहायक पुरतात, कारण चार क्युबिटांत १६ खुणा मावतात. हजार पदांना दहा पुरतात.

आपल्या उदाहरणात तिन्ही टप्प्यांनंतर आणि मोजणीपूर्वी काय स्थिती असते? सहायक शून्य आणि मूळ क्युबिट शून्य या जोडीचा आयाम ०.६ असतो. सहायक एक आणि मूळ क्युबिट एक या जोडीचा ०.८ असतो. बेरजेत जो घटक नाहीसा झाला होता तो इथे आहे, सहायकाच्या दुसऱ्या बाजूला, जसाच्या तसा. एकूण लांबी अजून १ आहे. आणि या क्षणी हेच तीन टप्पे आणखी एकदा चालवले तर सहायक शून्यावर परत येतो आणि मूळ क्युबिट ०.६ आणि ०.८ घेऊन पहिल्यासारखा उभा राहतो. काहीही गेलेले नाही.

यात क्वांटम यंत्राची खास करामत कमी आणि गणिताचा सर्वसाधारण नियम जास्त आहे. हंगेरीचे गणितज्ञ बेला सोकेफाल्वी-नॉज यांनी १९५३ मध्ये दाखवले की बाणाची लांबी कमी करू शकणारी, पण वाढवू न शकणारी कोणतीही रेषीय क्रिया एखाद्या मोठ्या अवकाशातल्या युनिटरी क्रियेचा तुकडा म्हणून पाहता येते. पॉल हॅल्मॉस यांनी १९५० मध्ये त्या दिशेने पहिले पाऊल टाकले होते, आणि १९५५ मध्ये स्टाइनस्प्रिंग यांनी आणखी व्यापक प्रमेय सिद्ध केले. क्वांटम संगणक तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता. नंतर क्वांटम सर्किट, म्हणजे क्रियांचा क्रमवार आराखडा, आखणाऱ्यांनी या प्रमेयांना तारा आणि खुणांचे रूप दिले.

भौतिकी आणि दर्शनशास्त्र असे शेजारी मांडताना एक सावधगिरी हवी. दर्शनकारांना क्युबिट ठाऊक होते असे कोणी सुचवू नये. त्यांना प्रश्न ठाऊक होता, आणि उत्तरांच्या शक्यता त्यांनी चोखपणे वेगळ्या करून ठेवल्या होत्या. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९५७ मध्ये ‘संख्या’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात जैनांच्या स्याद्वादावर लिहिले, किंवा भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांनी बोर यांच्या पूरकतेच्या तत्त्वाशी त्याची तुलना केली, ती याच जबाबदारीने.

धर्मविचारात हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो कर्माच्या संदर्भात. यज्ञ होतो आणि संपतो. अग्नी विझतो, हवि जळून जाते, मंत्रांचा ध्वनी हवेत विरतो. स्वर्गाचे फळ मिळायचे ते मृत्यूनंतर. मधल्या काळात त्या कर्माला धरून कोण ठेवते? कुमारिल भट्टांसह मीमांसकांनी उत्तर दिले की यज्ञातून अपूर्व नावाची एक अदृश्य शक्ती उत्पन्न होते आणि फळापर्यंत तीच टिकते. न्याय-वैशेषिकांनी आत्म्यात राहणारे अदृष्ट मानले. दोघांनाही दोन दोष टाळायचे होते. केलेले कर्म फळ न देता नाहीसे होणे हा कृतनाश, आणि न केलेल्याचे फळ वाट्याला येणे हा अकृताभ्यागम. बाहेरून कोणी न पाहिलेल्या क्वांटम सर्किटात या दोन्हींना जागा नाही. प्रत्येक फरक कुठे ना कुठे नोंदलेला असतो, आणि ज्याची नोंद नाही असा फरक शेवटी उगवत नाही. अर्थात सहायक क्युबिट पाप-पुण्य वाहत नाही, फक्त आयाम वाहतो. तुलनेचा उपयोग इथपर्यंतच आहे. पण कृती संपली तरी तिचा हिशोब संपू नये म्हणून दुसरी एक अदृश्य जागा मानावी लागते, ही मीमांसकांची गरज आणि सर्किट आखणाऱ्याची गरज तर्काच्या पातळीवर एकाच आकाराची आहे.

मग नाश येतो कुठून? तो येतो सहायक मोजल्यावर.

मोजल्यावर सहायक शून्य निघण्याची संभाव्यता ०.३६. तसे झाले तर मूळ क्युबिट शून्यावर असतो. ०.६४ इतक्या संभाव्यतेने सहायक एक निघतो आणि मूळ क्युबिट एकावर असतो. ०.६ आणि ०.८ ही मूळ घडण दोन्ही बाबतींत हाताबाहेर गेलेली असते. हे सर्किट म्हणजे प्रत्यक्षात त्या क्युबिटचे मोजमापच आहे, फक्त सहायकाच्या मार्फत केलेले.

पण प्रत्येक बेरजेत असे होत नाही. झेडच्या जोडीला एक्स ही क्रिया घ्या. ती शून्य आणि एक यांची अदलाबदल करते. एक्स आणि झेड यांची बेरीज करून २ च्या वर्गमुळाने भागले की हॅडमार्ड क्रिया मिळते, आणि ती स्वतःच युनिटरी आहे. याच पद्धतीने ती घडवली तर सहायक शून्य निघण्याची संभाव्यता बरोबर अर्धी येते, मूळ क्युबिटची अवस्था कोणतीही असो. सहायक एक निघाला तर बेरजेऐवजी एक्स आणि झेड यांची वजाबाकी झालेली असते. तीही युनिटरीच आहे, म्हणून ती उलटवून पुन्हा प्रयत्न करता येतो. मोजमाप झाले, उत्तर मिळाले, आणि तरीही काही गमावले नाही.

दोन्ही उदाहरणांत मोजमाप झाले, मग फरक कशात आहे? पहिल्या उदाहरणात सहायकाचे उत्तर मूळ क्युबिटच्या अवस्थेवर अवलंबून होते. ते वाचणाऱ्याला त्या अवस्थेबद्दल काहीतरी कळत होते. दुसऱ्यात उत्तर म्हणजे निव्वळ नाणेफेक होती. त्यातून मूळ क्युबिटबद्दल तसूभरही कळत नव्हते. हा योगायोग नाही, प्रमेय आहे. सहायक अपेक्षित उत्तर देण्याची संभाव्यता जर प्रत्येक अवस्थेसाठी सारखीच असेल, तर घडलेली क्रिया एका स्थिर गुणकाचा अपवाद वगळता युनिटरी असलीच पाहिजे, म्हणजे उलटवता आलीच पाहिजे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. क्रिया उलटवता न येण्याजोगी असेल तर सहायकाच्या उत्तरातून अवस्थेचा काही ना काही सुगावा लागतोच. नाश आणि ज्ञान इथे एकाच व्यवहाराच्या दोन बाजू म्हणून येतात. या विषयातला तत्त्वचिंतनाला खरा धक्का देणारा मुद्दा हा आहे, आणि क्वांटम संगणकाच्या वेगाच्या बातम्यांत तो क्वचितच दिसतो.

अनेक विश्वांची भाषा या ठिकाणी मोहात पाडते. डेव्हिड डॉइच यांनी १९९७ च्या ‘द फॅब्रिक ऑफ रिॲलिटी’ या पुस्तकात विचारले की क्वांटम संगणकाने एवढी मोठी गणिते केली तर ती कुठे केली, आणि समांतर विश्वांकडे बोट दाखवले. अँड्र्यू स्टीन यांनी २००३ मध्ये उलट बाजू मांडली की या संगणकाला एकच विश्व पुरते. बेरजेचे सर्किट पाहिले तर स्टीन यांचे म्हणणे जास्त पटते. पंधरा विश्वांत पंधरा क्रिया खरोखर पार पडल्या आणि आपल्याला त्यांची फळे मिळाली, असे असते तर अपयशाची संभाव्यता पदांच्या गुणकांबरोबर वाढत गेली नसती. यश मिळण्याची संभाव्यता काढायची तर बेरजेनंतर उरलेल्या बाणाची लांबी सगळ्या गुणकांच्या निरपेक्ष बेरजेने भागायची आणि त्याचा वर्ग करायचा. पदांनी एकमेकांना जितके जास्त खोडले, तितके यश दुर्मिळ.

यश वाढवण्याचा मार्ग आहे, आणि त्याची मर्यादाही बोलकी आहे. आयआयटी दिल्लीत शिकलेले लव ग्रोव्हर यांनी अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये असताना १९९६ मध्ये शोधाची जी पद्धत दिली, तिच्यातून पुढे ब्रासार, हॉयर, मोस्का आणि टॅप यांनी आयाम वाढवण्याचे तंत्र घडवले. हव्या उत्तराचा आयाम अर्धा असेल, म्हणजे बाणाचा कोन ३० अंश असेल, तर एका फेरीत कोन तिप्पट होऊन ९० अंश होतो आणि यश पक्के होते. २०१५ मध्ये बेरी, चाइल्ड्स, क्लीव्ह, कोठारी आणि सोम्मा यांनी रेणूच्या काळाबरोबर बदलण्याचे गणित टेलर श्रेणीने युनिटरी पदांच्या बेरजेत मांडले. काळाचे तुकडे त्यांनी असे पाडले की गुणकांची बेरीज २ यावी आणि आयाम बरोबर अर्धा राहावा. गंमत अशी की या फेरीला मूळ अवस्था कोणती हे ठाऊक असावे लागत नाही. पण ते चालते ते अंतिम बेरीज जवळजवळ युनिटरी असल्यामुळेच. जिथे बेरीज खरोखर काही पुसते, तिथे असे आंधळेपणाने यश वाढवता येत नाही. तिथे सुरुवातीची अवस्था पुन्हा तयार करण्याची क्षमता हाती असावी लागते. आणि मूळ बाण पूर्णपणे एकाच्या दिशेने असेल तर शून्याचा घटक मुळातच नाही, मग कितीही फेऱ्या केल्या तरी काही निष्पन्न होत नाही.

नाश आणि ज्ञान यांच्या या जोडीपुढे सांख्यांची पंचाईत होते. त्यांच्या दर्शनात प्रकृती सगळे करते आणि पुरुष फक्त पाहतो. तो साक्षी आहे, अकर्ता आहे. त्याच्या पाहण्याने प्रकृतीच्या घडणीत काही मोडत नाही. कारिकांमध्ये प्रकृतीला नर्तकीची उपमा दिली आहे, प्रेक्षकांना दर्शन दिल्यावर नृत्य थांबवून माघारी फिरणारी. क्वांटम सर्किटातला साक्षीदार असा अलिप्त राहू शकत नाही. त्याला जे कळते त्याची किंमत पाहिलेल्या वस्तूच्या घडणीतून वसूल होते, आणि काही मोडू द्यायचे नसेल तर त्याला काही कळताही कामा नये. सत्कार्यवाद संपूर्ण सर्किटाला चपखल बसतो, अलिप्त साक्षीची कल्पना बसत नाही. सांख्यांनी ही दोन्ही तत्त्वे एकत्र बांधली होती, पण भौतिकी त्यातले एकच स्वीकारते. न्यायमताबाबतही असाच हिशोब मांडावा लागतो. प्रध्वंसाभाव साक्षीदाराच्या बाजूने पाहता पूर्ण खरा आहे, पण तो घटाच्या ठिकाणी आपोआप उत्पन्न होत नाही. घट आणि त्याची खबर घेणारा यांच्या नात्यात तो उत्पन्न होतो.

नाशाला कारण लागते का, हाही वाद जुनाच. वसुबंधूंसारखे बौद्ध आचार्य म्हणत की नाश अहेतुक आहे. वस्तू क्षणिक असते, ती स्वभावानेच जाते, अभाव हे कशाचे कार्य होऊ शकत नाही. नैयायिक म्हणत, घट फुटतो तो मुसळाच्या घावाने. विसाव्या शतकात या प्रश्नाला जूलमध्ये मोजता येणारा एक पैलू मिळाला. आयबीएममधील रॉल्फ लँडावर यांनी १९६१ मध्ये दाखवले की एक बिट पुसताना ठरावीक किमान उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. नेहमीच्या तापमानाला ती सुमारे २.९ गुणिले १० चा उणे २१ वा घात इतके जूल भरते. २०१२ मध्ये फ्रान्समधील लियों येथे लेझरच्या सापळ्यात धरलेल्या सिलिकाच्या सूक्ष्म मण्यावर ही मर्यादा प्रयोगाने तपासली गेली. लँडावर यांचे सहकारी चार्ल्स बेनेट यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले होते की गणना स्वतः उलटवता येण्याजोगी करता येते, त्यामुळे ही किंमत मोजण्याची सक्ती पुसण्यापुरतीच उरते. बेरजेच्या सर्किटातला वापरून झालेला सहायक पुढच्या फेरीसाठी पुन्हा शून्यावर आणावा लागतो, आणि त्याचे उत्तर पुसण्याची उष्णता तिथे कोणाला तरी सोसावीच लागते. अहेतुक, विनामूल्य नाशाला इथे आधार मिळत नाही.

प्रयोगशाळेबाहेर तर सहायक कोणी मुद्दाम नेमावा लागत नाही. हवेचा रेणू आदळतो, प्रकाशाचा कण उसळतो, आणि वस्तूची खबर घेऊन निघून जातो. हायडेलबर्गच्या डीटर झेह यांनी १९७० मध्ये या दिशेने विचार मांडला. आजूबाजूचे सगळे वातावरणच साक्षीदार असते आणि त्याने गोळा केलेल्या खबरी उलटवायला कोणी बसत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेसह तयार केलेल्या सहा क्युबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. असे प्रोसेसर निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास थंड ठेवतात, ते या नकोशा साक्षीदारांना दूर ठेवण्यासाठीच.

हाच प्रश्न आकाशात फार मोठा होऊन दिसतो. स्टीफन हॉकिंग यांनी १९७६ मध्ये म्हटले की कृष्णविवर विकिरण सोडत संपून गेले तर त्यात पडलेल्या गोष्टींची माहिती जगातून कायमची जाते. तसे असेल तर विश्वाचा एकूण बदलच युनिटरी नाही. १९९७ मध्ये त्यांनी आणि किप थॉर्न यांनी जॉन प्रेस्किल यांच्याशी यावर पैज लावली. २००४ मध्ये डब्लिनच्या परिषदेत हॉकिंग यांनी हार मानली आणि प्रेस्किल यांना बेसबॉलचा ज्ञानकोश दिला. थॉर्न यांनी तेव्हा हार मानली नाही. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरमध्ये जन्मलेले अभय अष्टेकर यांनी मार्टिन बोजोवाल्ड यांच्यासह २००५ मध्ये वेगळा मार्ग सुचवला. कृष्णविवराच्या गाभ्यातली एकलता ही विश्वाची शेवटची कड नसून क्वांटम गुरुत्वात तिच्या पलीकडेही अवकाशकाळ सुरू राहतो, आणि हरवलेली वाटणारी माहिती त्या पलीकडच्या भागातून परत येऊ शकते. २००८ मध्ये अष्टेकर, तावेरास आणि वरदराजन यांनी दोन मितींच्या सोप्या प्रतिमानात हे अधिक नेमके मांडले. युक्तिवादाचा आकार ओळखीचा आहे. आपण ज्याला संपूर्ण समजत होतो तो तुकडा होता, मोठ्या अवकाशात पाहिले तर हिशोब जुळतो.

मग सर्किटात सहायक मोजल्यावर जी दुसरी बाजू आपल्या हाती लागली नाही, ती कुठे आहे? ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या मताप्रमाणे ती आहेच. मोजणारा माणूसही आता मोठ्या सर्किटाचा भाग झाला आहे आणि त्याच्या दुसऱ्या शाखेत सहायकाने एक दाखवला आहे. हे सत्कार्यवादाचे टोक. जिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये याच्या अगदी उलट टोक गाठले. त्यांच्या सिद्धांतात प्रत्येक कणाची लाट, म्हणजे त्याची अवकाशात पसरलेली अवस्था, सुमारे ३० कोटी वर्षांतून एकदा आपणहून आकसते. एकट्या कणाला त्याने फरक पडत नाही, पण असंख्य कणांच्या मोजमाप-यंत्रात कोणता ना कोणता कण क्षणार्धात आकसतो आणि बाकी सगळ्यांना ओढून नेतो. तिथे दुसरी बाजू खरोखर जाते, प्रध्वंसाभावासारखी, पुन्हा न येण्यासाठी.

या दोन मतांत निवड करायला आता निव्वळ तर्कावर विसंबून राहावे लागत नाही. लाट आपोआप आकसत असेल तर मोठ्या वस्तूंचे व्यतिकरण कुठेतरी थांबले पाहिजे. व्हिएन्नात २०१९ मध्ये सुमारे दोन हजार अणूंच्या, २५ हजारांहून अधिक रेणुभार असलेल्या रेणूंचे व्यतिकरण दिसले. ते थांबले नव्हते. आकसताना विद्युतभारित कणांनी अत्यंत मंद विकिरणही सोडले पाहिजे. ते शोधण्यासाठी इटलीत ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत जर्मेनियमचा संवेदक शिशाच्या आवरणात ठेवून संशोधकांनी मोजमाप केले. लायोश दिओशी आणि रॉजर पेनरोझ यांनी गुरुत्वाशी जोडलेल्या आकुंचनाचे सर्वांत साधे रूप २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी बाद केले. जिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांच्या कल्पनेतून निघालेली प्रतिमाने अजून उभी आहेत. लाट किती वेळा आकसते आणि किती जागेत आकसते या त्यांच्या दोन आकड्यांना मोकळी असलेली जागा मात्र प्रयोगागणिक आक्रसत चालली आहे.